आधी पाठ द्यावी लागते

निवडणुकीचा निकाल लागला की मथळ्यांत ‘धोबीपछाड’ हमखास येते. तालमीतल्या पोराला मात्र त्या डावाची गोम ठाऊक असते: समोरच्याला आपटण्याआधी त्याला स्वतःची पाठ द्यावी लागते.

प्रतिस्पर्धी अंगावर रेटत आला की त्याचा एक हात दोन्ही हातांनी पकडायचा, गर्रकन वळायचे आणि गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कंबरेखाली न्यायची. मग तो हात खांद्यावरून खाली ओढत गुडघे ताठ करायचे. धोबी दगडावर कपडा आपटतो, तसा गडी पाठीवरून पुढे येऊन पडतो. ताकद निम्मी आपली, निम्मी त्याच्याच रेट्याची. तो मागे झुकलेला असेल, तर डाव फसतो आणि आपली उघडी पाठ आयती त्याच्या हाती लागते.

कलाजंगात जोखीम वेगळी. हात खेचत त्याच्या बगलेखाली शिरायचे, दुसरा हात मांड्यांमध्ये घालायचा आणि गड्याला खांद्यांवर आडवा घेऊन पलटायचा. शिरायला क्षणभर उशीर झाला, तर त्याचे सगळे वजन आपल्याच मानेवर.

ढाकेत मान आवळायची, कंबर आत घालायची आणि वळणाच्या झटक्यात गडी फेकायचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव या डावासाठी ओळखले जात. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

एवढी जोखीम घ्यायची कशाला? निकाली कुस्तीत गुण नसतात. गडी पोटावर पाडून भागत नाही. त्याची पाठ मातीला लागली तरच चीतपट. उभ्या गड्याला थेट पाठीवर नेणारी वाट म्हणजे फेकीचा डाव. म्हणून कोल्हापूरच्या, १९१२ पासून गाजणाऱ्या खासबाग कुस्ती मैदानात खडाखडी, म्हणजे उभ्याउभ्या झोंबणे, लांबली, तरी लोक जागा सोडत नाहीत. मॅटवरही हा हिशेब सुटलेला नाही: फ्रीस्टाइलमध्ये साध्या ताब्याला २ गुण, तर उभ्याने फेकून पाठ धोक्यात आणली की ४.

म्हणून डाव बघायचा तर हातांकडे नको, पायांकडे बघा. हात नुसते झोंबत असतात. पाऊल आत पडले की समजावे, गड्याने पाठ द्यायचे ठरवले आहे. मथळ्यांत छापून येते ते त्यानंतरचे.