युनायटेड ब्रेक्स गिटार्स

युनायटेड ब्रेक्स गिटार्स हे कॅनेडियन गायक डेव्ह कॅरोल यांचे इंग्रजी गीत आहे. ते ६ जुलै २००९ रोजी यूट्यूबवर प्रसिद्ध झाले. ग्राहकाच्या जाहीर तक्रारीला व्यवसायाने कसे उत्तर द्यावे, या चर्चेत त्याचा दाखला नेहमी दिला जातो.

२००८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या विमानाने हॅलिफॅक्सहून ओमाहाला जाताना शिकागो येथे सामान उतरवणारे कर्मचारी गिटारी फेकत असल्याचे प्रवाशांच्या दृष्टीस पडले. कॅरोल यांची टेलर बनावटीची गिटार मोडली; दुरुस्तीस सुमारे १,२०० डॉलर लागले. चोवीस तासांत दावा दाखल झाला नाही, या नियमावर बोट ठेवून कंपनीने भरपाई नाकारली. गिटार मोडल्याचे मात्र तिने अमान्य केले नव्हते. कित्येक महिन्यांच्या पाठपुराव्यानंतरही नकारच मिळाल्यावर कॅरोल यांनी हे गीत रचले.

चित्रफीत लाखो लोकांपर्यंत पोहोचताच कंपनीने दूरध्वनीवरून क्षमा मागितली, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ती वापरण्याची परवानगी मागितली आणि एका जाझ संगीत संस्थेस ३,००० डॉलर, म्हणजे दुरुस्तीखर्चाच्या अडीचपट रक्कम, देणगी दिली. याउलट, काहीही दोष नसलेल्या टेलर गिटार्सचे बॉब टेलर यांनी कॅरोल यांना दोन गिटारी देऊ केल्या आणि प्रवासात वाद्य कसे जपावे याची चित्रफीतही प्रसिद्ध केली.