हवेवर थंड होणारे इंजिन

फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून परागंदा झालेल्या निर्वासितांसाठी दिल्लीच्या दक्षिणेस जे नवे फरीदाबाद वसवण्यात आले, तेथील कारखान्यातून, बव्हेरियातील आयशर बंधूंच्या कंपनीच्या सहकार्याने, १९५९ साली भारतात बनलेला आयशर ट्रॅक्टर बाहेर पडला. त्याच्या इंजिनाला रेडिएटर नव्हता. सिलिंडरच्या बाह्यांगावर ओतलेल्या बारीक पात्यांतून पंख्याचा झोत वाहत असे आणि ज्वलनाची उष्णता हवेच्या स्वाधीन होत असे. शिवाय प्रत्येक सिलिंडर स्वतंत्र असल्याने तो एकटा उचलून काढता येई. खेड्यातल्या मिस्त्रीच्या हाती हे यंत्र इतकी वर्षे टिकले ते मुख्यतः या रचनेमुळे, असे माझे मत आहे.

त्याचे दुखणेही तेथेच उद्भवते. मळणीचा भुसा आणि तेलकट धूळ पात्यांत घट्ट बसली की सिलिंडर एका अंगाने अधिक तापतो, विषम प्रसरण पावतो, झिजून लंबगोल होतो. मग रिंगा तेल अडवू शकत नाहीत आणि निळसर धूर निघू लागतो. धूर काळा असेल, तर जाणता मिस्त्री आधी एअर फिल्टर आणि नोझल तपासतो, कारण इंजिन अकारण उघडणे हा या कलेतील अक्षम्य अपराध होय.

उघडल्यावर मात्र घाई चालत नाही. बेअरिंगची प्रत्येक टोपी मूळ जागीच परतावी म्हणून खूण केली जाते. सुटे भाग रॉकेलमध्ये धुतले जातात. क्रँकचे जर्नल आडवे-उभे मायक्रोमीटरने मोजून, गोलाई बिघडली असल्यास ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्याने घासून त्या मापाची बेअरिंगे घातली जातात. नवी रिंगसुद्धा प्रथम सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने पाहावी लागते, कारण ती अपुरी असली तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. वॉल्व्ह आपल्या बैठकीवर हाताने घासून बसवताना लागणारा संयम तर कोणत्याही मापात सांगता येत नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांस मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम उचलून धरला, तेव्हापासून जुन्या ट्रॅक्टरच्या मालकांच्या जिवाला घोर लागला आहे. राजधानीची हवा किती विषारी झाली आहे हे हिवाळ्यात तेथे श्वास घेणाऱ्या कोणासही सांगावे लागत नाही, आणि उत्तम बांधलेले जुने इंजिनही आजच्या इंजिनाइतके स्वच्छ जळत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि नोंदणीच्या दप्तरातील तारीख यंत्राचे वय सांगते, झीज सांगत नाही. पेरणी-मळणीच्या हंगामापुरता चालणारा ट्रॅक्टर आणि वर्षभर रस्त्यावर धावणारी मालमोटार यांना एकच मुदत लावणे मला न्याय्य वाटत नाही. बांधणीनंतर क्रँकची, सिलिंडरची आणि धुराची मापे कागदावर उतरवून मिस्त्रीने सही करावी, आणि तपासनीसाने तीच मापे पुन्हा घेऊन मुदतवाढीचा निर्णय द्यावा, अशी तजवीज परिवहन खात्याला सहज करता येईल.