चेहऱ्याच्या मापाचा लाकडी गॉगल

लाकडी गॉगल पहिल्यांदा हातात घेणारा माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. पावसात फुगणार नाही ना? आणि पडला तर तुटणार नाही ना? हस्तकलेच्या प्रदर्शनात किंवा आपल्याच शहरातल्या एखाद्या कारागिराच्या टेबलावर सागाची, शिसवाची, अक्रोडाची फ्रेम दिसते, उचलून पाहावी तर हलकी लागते, आणि हे प्रश्न आपोआप तोंडी येतात. दोन्ही रास्त आहेत. डोळ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला तिसरा प्रश्न मात्र बहुधा राहूनच जातो. त्याकडे येऊच, पण आधी लाकडाचे पाहू.

लाकडाची घडण कडब्याच्या पेंढीसारखी असते. सेल्युलोजच्या बारीक लांबट नळ्या एका दिशेने रचलेल्या आणि लिग्निन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या. हवेतली सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असते तेव्हा लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी असते. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की ते २० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. विदर्भातला मे आणि कोकणातला जुलै यांत एवढा फरक सहज पडतो. हे पाणी नळ्यांच्या भिंतींत शिरते. त्यामुळे भिंती जाड होतात, पण लांबी जवळजवळ तेवढीच राहते. म्हणूनच पावसाळ्यात दार चौकटीत अडकते ते रुंदीला फुगल्यामुळे, उंचीला नव्हे.

साग यात बराच शिस्तीचा. तरीही त्यातले पाणी कोरड्या वजनाच्या ८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेले, तर फळी कशी कापली आहे त्यानुसार तिची रुंदी एक ते दोन टक्क्यांनी वाढते. गॉगलच्या दर्शनी भागाची उंची ४५ मिलिमीटर धरली, तर हा फरक अर्धा ते जवळपास एक मिलिमीटर होतो. काच ज्या खाचेत बसते तिची खोलीही याच मापातली असते. लाकूड हलते आणि काच हलत नाही. पावसाळ्यात काच सैल होणे आणि उन्हाळ्यात फ्रेमला चीर जाणे, या दोन्ही तक्रारी त्यातूनच येतात. तेल, मेण किंवा लॅकर पाण्याची ये-जा मंद करतात, पण पूर्ण थांबवत नाहीत.

तुटण्याचे कारणही त्याच घडणीत आहे. एका अखंड फळीतून फ्रेम कापली की काचेच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत तंतू लांबच्या लांब जातात, त्यामुळे त्या मजबूत असतात. पण नाकाजवळ आणि बिजागरीजवळ पट्टी उभी वळते आणि तंतू मात्र आडवेच राहतात. तिथे ते जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे उरतात. गॉगल पडला की कडक आवाज येतो तो इथूनच. काड्यांना हा धोका कमी, कारण त्या तंतूंच्या दिशेनेच कापता येतात.

म्हणून जाणता कारागीर दर्शनी भाग अखंड लाकडाचा करत नाही. तो पातळ पापुद्रे घेतो, एकाचे तंतू आडवे तर पुढच्याचे उभे असे रचतो आणि डिंक लावून वक्र साच्यात दाबून ठेवतो. डिंक सुकला की चेहऱ्याचा बाक फ्रेममध्ये कायमचा उतरतो. प्रत्येक थर शेजारच्या थराला फुगण्यापासून आवरतो आणि कुठल्याही बाजूने चीर जाऊ लागली तर तिला आडवे जाणारे तंतू भेटतात. प्लायवूडचे तत्त्व हेच. फ्रेमची कड निरखून पाहिली तर हे थर साध्या डोळ्यांनी मोजता येतात. ते दिसले, तर आपल्या दोन्ही प्रश्नांचा बराचसा निकाल लागला.

आता तिसरा प्रश्न: काच कुठली? सूर्याचे अतिनील किरण लाकडालाही सोडत नाहीत. लिग्निन ते शोषते आणि तुटत जाते; पावसाने ते धुऊन निघाले की राखाडी सेल्युलोज उरते. जुन्या वाड्यांची उन्हातली दारे राखाडी पडतात ती यामुळे. डोळ्यांतही हे किरण थरांनुसार नुकसान करतात. २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातले बरेचसे पारपटलातच शोषले जातात, तर ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे डोळ्यातल्या भिंगापर्यंत पोहोचतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाचा संबंध मोतीबिंदूशी आणि बुबुळावर वाढणाऱ्या वेलाशी आहे.

काचेचा गडदपणा हा या संरक्षणाचा पुरावा नाही. रंग दृश्य प्रकाश अडवतो. अतिनील किरण अडवण्याचे गुण काचेच्या पदार्थात किंवा लेपात असावे लागतात. पॉलिकार्बोनेटची पारदर्शक काचही ते काम चोख करते. उलट, नुसत्या गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि नको ते किरण आत जायला जास्त वाट मिळते. म्हणून ‘यूव्ही ४००’ ही नोंद पाहावी आणि शक्य असल्यास चष्म्याच्या दुकानातल्या यंत्रावर काच तपासून घ्यावी. पोलराइज्ड काचेचे काम वेगळे. रस्ता, पाणी अशा सपाट पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाची कंपने मुख्यतः आडवी असतात. ती गाळून ही काच झळाळी कमी करते. एडविन लँड यांनी १९२९ मध्ये अशा पातळ गाळणीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे ती गॉगलमध्ये आली. घरच्या घरी पारख करायची तर लॅपटॉपच्या पडद्यासमोर गॉगल हळूहळू फिरवावा. एका कोनात पडदा काळवंडला तर काच पोलराइज्ड आहे. पण त्यावरून अतिनील संरक्षणाची खात्री होत नाही.

काच उत्तम असली तरी एक फट उरतेच. प्रकाश कडेने, वरून आणि खालून आत येतो. बाजूने आलेले किरण पारपटलाच्या वक्रतेमुळे वळून नाकाकडच्या कडेवर एकवटतात. वेल बहुतेक वेळा नाकाच्या बाजूनेच का वाढतो, याचे हे एक स्पष्टीकरण दिले जाते.

उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांनी हे दुखणे काचेविनाच सोडवले होते. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, त्यामुळे तिथे उघड्या डोळ्यांनी फिरणाऱ्याला हिमांधत्व येते. झाडे नसलेल्या त्या प्रदेशात समुद्राने वाहून आणलेल्या लाकडातून, नाहीतर शिंगातून किंवा वॉलरसच्या सुळ्यातून ते गॉगल कोरत. त्यात फक्त एक आडवी बारीक फट असे. आतली बाजू काजळीने काळी करत, म्हणजे आत आलेला प्रकाश उसळत नसे. बारीक फटीमुळे दृश्य थोडे रेखीवही दिसे. मुख्य म्हणजे तो गॉगल घालणाऱ्याच्या चेहऱ्याला घट्ट बसेल असा कोरलेला असे.

स्थानिक कारागिराकडून गॉगल घेण्यातला खरा फायदाही मापाचाच आहे. ॲसिटेटची फ्रेम चष्मेवाला गरम करून वाकवून देतो. लाकडाचे तसे होत नाही, जो बाक दिला तोच राहतो. त्यामुळे दुकानातून किंवा ऑनलाइन तयार लाकडी गॉगल घेतला आणि तो नाकावरून घसरू लागला, तर फारसे काही करता येत नाही. समोर बसलेला कारागीर मात्र दोन कानशिलांमधले अंतर मोजतो, नाकाचा उतार पाहतो, नाकावर टेकणारा भाग कानशीने आणि पॉलिश पेपरने थोडा थोडा उतरवतो आणि काडीची लांबी कानामागे लावून ठरवतो. काच कुठून आणली, हे त्याला तोंडावर विचारता येते. ती बदलता येईल अशी बसवून मागता येते, म्हणजे पुढे चष्म्याचा नंबर लागला तरी फ्रेम वाया जात नाही.

मागणी नोंदवताना लाकूड कुठलेही निवडा. घेताना मात्र आरशासमोर मान खाली घालून गॉगल जागचा हलतो का ते पाहा आणि मग उन्हात उभे राहून कडेने किती उजेड आत येतो ते तपासा. उजेड फार येत असेल तर पैसे देण्याआधी फ्रेम पुन्हा कानशीखाली जाऊ द्या.