कटकला अडलेली फौज

वडगावचा तह आणि बोरघाटात गॉडर्डची झालेली दाणादाण आपल्याला शाळेपासून पाठ असते. त्या दोहोंच्या मधल्या काळात नाना फडणीसांनी इंग्रजांभोवती जो फास टाकला होता, त्याचा पूर्वेकडचा दोर कुणी सैल केला, या प्रश्नाने मला कित्येक वर्षं धरून ठेवलं आहे.

बेत असा होता : पुणेकरांनी गुजरात-माळव्यात लढायचं, म्हैसूरच्या हैदरने कर्नाटकात उतरायचं, निजामाने आंध्र किनाऱ्यावरच्या उत्तर सरकारांत आणि नागपूरकर भोसल्यांनी बंगालवर चालून जायचं. गुंटूर इंग्रजांनी दाबल्यामुळे निजाम चिडलेला होता, माहे घेतल्यामुळे हैदर. कृष्णा-तुंगभद्रेमधला मुलूख हैदरकडे राहू देऊन पुण्याने त्याच्याशी असलेलं जुनं वैर बाजूला ठेवलं. हैदर शब्दाला जागला. १७८० च्या जुलैत तो घाट उतरला आणि १० सप्टेंबरला पोल्लिलूरला त्याने इंग्रज कर्नल बेलीची फौज संपवली. निजामाचं मात्र गुंटूर परत मिळताच समाधान झालं. उरले नागपूरकर.

मुधोजी भोसल्यांचा मुलगा खंडोजी ऊर्फ चिमणाबापू १७७९ च्या ऑक्टोबरात तीस हजार स्वार घेऊन निघाला आणि कटकला पोचला १७८० च्या मे महिन्यात. ज्या घराण्याच्या स्वारांनी अलिवर्दीखानाला दहा वर्षं झोप लागू दिली नाही, त्यांना नागपूर ते कटक जायला सात महिने लागावेत? ही दिरंगाई ठरवून केलेली होती. बंगालवर जाण्याची मुधोजींची इच्छाच नव्हती, आणि मसलतीची खबर त्यांनी आधीच कलकत्त्यातल्या इंग्रज गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला पोचवली होती.

त्यांना फितूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. १७६९ मध्ये थोरल्या माधवरावांनी कनकापूरच्या तहात मुधोजींचे भाऊ जानोजी यांना वाकवलं, ते नागपूर विसरलं नव्हतं. पुढे १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत भाऊ साबाजी मारला गेला, तेव्हा कुठे मुधोजींच्या हाती दौलत आली. पुणं बळकट झालं तर आपला वारसा पुन्हा पुण्याच्या मर्जीवर जाणार, ही त्यांची भीती खरी होती. नानांनी त्यांच्याकडून फौज मागितली, पण ही भीती दूर केली नाही. माझ्या मते मसलत तिथेच अर्धी बिघडली.

उरलेली अर्धी कलकत्त्यात बिघडली, आणि तिथे बेनीराम पंडित भेटतो. हा नागपूरकरांचा कलकत्त्यातला वकील. आपल्या इतिहासात त्याला फार तर एखादी ओळ मिळते. हेस्टिंग्ज आणि मुधोजी यांच्यातलं बोलणं त्याच्या हातून चालत असे. १७७८ मध्ये हेस्टिंग्जने नागपूरला पाठवलेला एलियट वाटेतच, सारंगगडजवळ वारला. त्यानंतर बेनीरामचं वजन वाढलं असणार. कटकच्या फौजेचा पगार तुंबला होता. आधी हेस्टिंग्जकडून तीन लाख रुपये गुपचूप गेले. मग एप्रिल १७८१ मध्ये कटकला करार झाला : तेरा लाख रोख आणि दहा लाख कर्जाऊ. त्याच वर्षी कर्नल पिअर्सची पलटण भोसल्यांच्याच ओरिसातून हैदरवर चालून गेली. गंजामला तिला पटकीने गाठलं, भोसल्यांनी नाही.

बेनीरामची मला सर्वात बोलकी वाटणारी गोष्ट काशीतली आहे. ऑगस्ट १७८१ मध्ये काशीचा राजा चेतसिंग याच्या लोकांनी उठाव केला आणि हेस्टिंग्जला रातोरात चुनारला पळावं लागलं. सोबत चालत गेलेल्यांत बेनीराम आणि त्याचा भाऊ विश्वंभर होते. हेस्टिंग्जचा खजिना रिकामा होता, तेव्हा आपल्या काशीतल्या घरातले एक लाख रुपये बेनीरामने देऊ केले. हेस्टिंग्जने हे स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि पुढे बेनीरामला जहागीरही दिली. इंग्रजांशी लढण्याची मसलत चार दरबारांनी केली होती, आणि त्यातल्याच एका दरबाराचा वकील इंग्रज गव्हर्नर जनरलच्या जिवाला जीव देत होता! त्याचा मान, पैसा, भवितव्य सगळं इंग्रजांशी स्नेह टिकण्यावर उभं होतं. असा माणूस धन्याला लढाईचा सल्ला देईल, ही अपेक्षा नागपूरने तरी कशी केली असेल?

नागपूरकरांच्या या माघारीची किंमत हैदरला मोजावी लागली. पुण्याच्या वतीने महादजी शिंद्यांनी १७ मे १७८२ रोजी इंग्रजांशी सालबाईचा तह केला. हैदरने जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत सोडावा, असं कलम त्यात त्याला न विचारता घातलं गेलं. नानांनी सात महिने सही टाळली. मला हा त्यांचा प्रामाणिकपणा वाटतो. दोस्ताला उघड सोडायला ते तयार नव्हते आणि एकट्याने लढाई चालवायची ताकद पुण्यात उरली नव्हती. ७ डिसेंबरला चित्तूरजवळच्या छावणीत हैदर वारला. २० डिसेंबरला नानांनी तह मान्य केला. हैदरचा मुलगा टिपू त्यानंतरही सव्वा वर्ष लढत राहिला आणि त्याने इंग्रजांशी आपला वेगळा तह मंगळूरला केला, पुण्याला मध्यस्थ न घालता.