खोक्यावरचे हजार यार्ड, मचाणाखालचे वीस

अमेरिकेत सप्टेंबर-ऑक्टोबर आला की धनुष्याने हरणांची शिकार करणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. बंदुकीची पाळी बहुतेक राज्यांत त्यानंतर येते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची वाट पाहत शिकारी पहाटेपासून झाडावरच्या मचाणावर बसतो, आणि त्याच्या खिशात हल्ली हमखास एक लेझर रेंजफाइंडर, म्हणजे लेझरने अंतर मोजणारं यंत्र, असतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा मराठी माणसाचा या यंत्राशी संबंध येतो तो बहुधा अमेरिकेतच. या शिकाऱ्यांच्या हातातलं कंपाउंड धनुष्य मात्र आपल्याला परकं नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते याच प्रकारच्या धनुष्यावर. फरक एवढाच, की तिथे लक्ष्य ५० मीटरवर मोजून ठेवलेलं असतं. जंगलात अंतर सांगायला कोणी नसतं.

अंतराचा अंदाज चुकला तर काय होतं? सेकंदाला २७० फूट वेगाने जाणारा बाण घ्या. हरीण ३५ यार्डांवर असताना ४० यार्डांच्या पिनने, म्हणजे धनुष्याच्या साइटवर त्या अंतरासाठी बसवलेल्या खुणेने, नेम धरला, तर बाण साधारण ४ इंच वर लागतो. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग ढोबळमानाने ८ इंच व्यासाचा धरतात. म्हणजे ऐन मध्यावर धरलेला नेम थेट काठावर जातो आणि जखमी जनावर रानात निघून जातं. रेंजफाइंडर घ्यायचा तो हे टाळण्यासाठी. पण दुकानात उभं राहिल्यावर माणूस पाहतो भलतंच.

पहिला गैरसमज खोक्यावरच्या आकड्याचा. ‘१००० यार्ड’ छापलंय म्हणजे ५०० वाल्यापेक्षा यंत्र दुप्पट चांगलं, असं वाटतं. तो आकडा प्रकाश चांगला परतवणाऱ्या चकचकीत लक्ष्यासाठी असतो. हरणाची कातडी बराचसा प्रकाश गिळते, त्यामुळे हरणासाठीचा पल्ला कितीतरी कमी भरतो. शिवाय धनुष्यवाल्याला तो पल्ला हवाय कशाला? मचाणावरून सोडलेले बहुतेक बाण ३० यार्डांच्या आतले असतात. विचारायचं ते दुसऱ्या टोकाचं: किमान किती अंतरापासून हे यंत्र मोजतं? काही यंत्रं ५ यार्डांपासून मोजतात, काहींना १० च्या आतलं दिसतच नाही.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडणारा: ‘घरात गोल्फचा रेंजफाइंडर आहे, तोच चालेल.’ दोन्हींत लेझर तोच, गणितही एकच. प्रकाश जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजायचा, आणि एका यार्डाचा फरक म्हणजे सुमारे ६ अब्जांश सेकंद. पण गोल्फचं यंत्र उताराचा हिशेब गोल्फच्या चेंडूसाठी करतं. चढावर चेंडू जोरात मारावा लागतो, म्हणून ते अंतर वाढवून सांगतं. उतारावर कमी करून सांगतं. बाणाचं तसं नाही. नेम वर असो वा खाली, गुरुत्वाकर्षणाचा परिणाम आडव्या अंतराच्या हिशेबाने धरायचा असतो आणि ते सरळ रेषेतल्या अंतरापेक्षा नेहमी कमीच भरतं. चढावरच्या हरणासाठी गोल्फचा आकडा घेतला तर चूक उलट्या दिशेने होते. उताराची सोय बंद ठेवली तरी एक खोड उरते. ही यंत्रं झेंड्याची काठी पकडण्यासाठी, म्हणजे सगळ्यात जवळची वस्तू निवडण्यासाठी बनवलेली असतात. हरणासमोर फांदी आली की ती फांदीचं अंतर देतात. शिकारीच्या यंत्रात मागची वस्तू निवडण्याचा पर्याय असतो. झुडपांच्या रानात तोच कामाचा.

कोनाबद्दल मात्र विक्रेते अवास्तव बोलतात. ‘मचाणावर बसता? मग कोन दुरुस्त करणारं यंत्र हवंच.’ हिशेब करून पाहू. मचाण २० फुटांवर, हरीण बुंध्यापासून २० यार्डांवर. सरळ रेषेतलं अंतर भरतं २१ यार्डांच्या किंचित वर. म्हणजे फरक जेमतेम एका यार्डाचा, जो साध्या यंत्राच्या अचूकतेच्या मर्यादेतच बसतो. हरीण अगदी बुंध्याजवळ आलं तर कोन तीव्र होतो, पण इतक्या जवळून यार्ड-दोन यार्डांनी नेम फारसा हलत नाही. मचाणावरून बाण चुकतो तो बहुधा कंबरेत न वाकता नुसता हात खाली केल्यामुळे. ही सोय खरोखर पैसे वसूल करते ती कोलोराडोसारख्या डोंगराळ भागात. ३० अंशांच्या उतारावर ४० यार्ड दिसणारं सावज प्रत्यक्षात ३५ यार्डांच्या पिनने मारायचं असतं. सपाट ओहायोत मक्याच्या शेताकडेला बसणाऱ्याने त्यासाठी जास्त डॉलर मोजावेत असं मला वाटत नाही.

ते पैसे पडद्यावर घालावेत. हरणं बाहेर पडतात पहाटे नि तिन्हीसांजेला, आणि स्वस्त यंत्रातले काळे आकडे नेमके त्याच वेळी काळ्या झाडीत हरवतात. लाल प्रकाशातले आकडे, तेही मंद करता येणारे, हवेत. झूम चार ते सहा पट पुरे. जास्त झालं की दृश्य आक्रसतं आणि जवळचं हरीण शोधण्यातच वेळ जातो. आणि घरीच एक गोष्ट बघून ठेवावी: यंत्र यार्डांत आहे की मीटरमध्ये. पिन यार्डांत बसवलेल्या आणि पडदा मीटर दाखवतोय, तर ४० चे खरे जवळपास ४४ होतात.

‘हरीण आलं की मोजायचं’ ही समजूतही बरीच पसरलेली. वीस यार्डांवरच्या हरणाला हात डोळ्याशी नेलेला दिसतो. अनुभवी शिकारी मचाणावर चढल्याबरोबर ओकचं झाड, कुंपणाचा खांब, वाटेवरचा दगड मोजून ठेवतो आणि यंत्र खिशात घालतो. तंबूसारख्या आडोशात बसणाऱ्यांना आणखी एक काळजी: जाळीतून मोजलं तर जाळीचंच अंतर येऊ शकतं.

आणि अंतर बिनचूक मिळालं, तरी बाण तिथेच लागेल असं नाही. ३० यार्डांवर प्रत्यंचेचा आवाज सेकंदाच्या आठ शतांशांत पोहोचतो, बाण एक तृतीयांश सेकंदाने. मधल्या पाव सेकंदात बिचकलेलं हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं आणि बाण पाठीवरून जातो. हे कुठलंच यंत्र सांगत नाही. म्हणूनच अचूकता अर्धा यार्ड की एक यार्ड, यावर दुकानात घातलेला वाद मला निरर्थक वाटतो.

शेवटचा प्रश्न कायद्याचा. धनुष्यालाच बसवायचे, स्वतः अंतर मोजून पिन उजळवणारे साइट आता मिळतात. गार्मिनने असा साइट २०१८ मध्ये आणला. ‘हातातला चालतो, मग धनुष्यावरचाही चालणार’ हे गृहीत धरू नये. काही राज्यांत धनुष्याला इलेक्ट्रॉनिक उपकरण जोडायला बंदी आहे. १९६१ पासून धनुष्याच्या शिकारीच्या नोंदी ठेवणारा पोप अँड यंग क्लबही अशा साइटने केलेली शिकार आपल्या नोंदीत घेत नाही. खिशातल्या रेंजफाइंडरला त्याची हरकत नाही. नियम हंगामागणिक बदलू शकतात, तेव्हा परवाना काढतानाच त्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका मागून घ्यावी.