प्रवेशचाचणीची पुनरावृत्ती आणि गुणप्रेषणाचे नियम : अमेरिकेतील ‘सॅट’ चाचणीच्या संदर्भात

परीक्षेत मिळालेला गुण हा विद्यार्थ्याच्या योग्यतेचा निदर्शक होय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु तीच परीक्षा पुनःपुन्हा देण्याची मुभा असेल, आणि मिळालेल्या गुणांपैकी कोणते महाविद्यालयाकडे धाडावयाचे हे उमेदवारानेच ठरवावयाचे असेल, तर तो गुण नेमका कशाचा निदर्शक ठरतो? अमेरिकेतील महाविद्यालय-प्रवेशाच्या पद्धतीत हा प्रश्न विशेष स्पष्टपणे उपस्थित झाला आहे. गुणप्रेषणाचा नियम ही वरकरणी कचेरीच्या कारभारातील बाब दिसते. वस्तुतः गुणांचा अर्थ आणि संधीची वाटणी या दोहोंवर तिचा परिणाम होतो.

‘सॅट’ ही चाचणी १९२६ साली प्रथम घेण्यात आली. त्या वेळी सुमारे आठ हजार उमेदवार तिला बसले होते. प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम हे तिचे प्रमुख रचनाकार, आणि कॉलेज बोर्ड ही तिची चालक संस्था. आज तिचे दोन विभाग आहेत : वाचन-लेखन आणि गणित. प्रत्येक विभागाचे गुण २०० ते ८०० या मापश्रेणीत दिले जातात. अर्थात् एकूण गुण ४०० ते १६०० यांच्या दरम्यान असतात. चाचणी वर्षातून अनेक वेळा होते व ती पुन्हा देता येते. १९५९ साली सुरू झालेली ‘ॲक्ट’ ही प्रतिस्पर्धी चाचणीही अनेकदा देण्याची मुभा आहे.

पुनरावृत्तीने गुण का वाढतात, याची दोन कारणे संभवतात. मधल्या काळात विद्यार्थी अधिक शिकतो आणि परीक्षेच्या धाटणीशी त्याचा परिचय वाढतो, हे पहिले. दुसरे कारण मापनाच्या स्वरूपातच आहे. कोणतीही चाचणी विद्यार्थ्याचा वास्तव गुण तंतोतंत दाखवीत नाही. प्रश्नांची निवड, त्या दिवशीची प्रकृती, अंदाजाने दिलेली उत्तरे इत्यादींमुळे मिळालेला गुण वास्तव गुणाच्या थोडा वर वा खाली पडतो. ‘सॅट’च्या एका विभागात मापनाची ही प्रमाण-त्रुटी सुमारे ३० गुणांची धरता येते.

आता अशी कल्पना करावी की, एखाद्या विद्यार्थ्याची योग्यता दोन प्रयत्नांच्या दरम्यान यत्किंचितही बदललेली नाही, आणि दोन्ही वेळच्या त्रुटी परस्परांपासून स्वतंत्र व प्रसामान्य वितरणाच्या आहेत. दोहोंपैकी अधिक असलेली एकूण बेरीज निवडल्यास ती त्याच्या वास्तव गुणाहून सरासरीने सुमारे २४ गुणांनी जास्त भरेल. प्रत्येक विभागाचा अधिक गुण वेगवेगळा निवडून त्यांची बेरीज केल्यास, म्हणजेच ज्याला तेथे ‘सुपरस्कोअर’ म्हणतात तो काढल्यास, ही वाढ सुमारे ३४ गुणांची होईल. तीन प्रयत्न झाले तर हेच आकडे अनुक्रमे ३६ व ५१ असे येतात. ज्ञानात कणभरही भर न पडता झालेली ही वाढ केवळ निवडीची आहे. पहिल्या वेळी दैवाने अधिक गुण मिळालेल्या विद्यार्थ्याचे गुण दुसऱ्या वेळी उतरण्याचा संभव असतो. परंतु उतरलेले गुण मोजलेच जात नसल्यामुळे त्याची हानी होत नाही.

यावरून महाविद्यालये कोणता गुण ग्राह्य धरतात, या प्रश्नाचे महत्त्व ध्यानी येते. काही संस्था एकाच बैठकीतील सर्वोत्तम बेरीज पाहतात, अनेक संस्था ‘सुपरस्कोअर’ काढतात, तर काही सर्व प्रयत्नांचे गुण मागतात. कॉलेज बोर्डाने २००९ साली ‘स्कोअर चॉइस’ ही योजना सॅटसाठी लागू केली. तिच्यायोगे कोणत्या तारखांचे गुण धाडावयाचे हे उमेदवाराला ठरविता येते. तथापि एका तारखेचे एकाच विभागाचे गुण पाठवून दुसऱ्या विभागाचे लपविता येत नाहीत, आणि सर्व गुण मागण्याचा महाविद्यालयाचा अधिकारही अबाधित आहे. जॉर्जटाउन विद्यापीठाने सर्व गुण मागण्याचा नियम दीर्घकाळ पाळला. गुणपत्रे विनाशुल्क पाठविण्याची सवलत चार संस्थांपुरती असून तिचा लाभ चाचणीनंतर थोड्याच दिवसांत, म्हणजे बहुधा गुण कळण्यापूर्वीच, घ्यावा लागतो. गुण पाहून मग निवड करावयाची तर शुल्क भरावे लागते. सारांश, निवडीच्या स्वातंत्र्यालाही किंमत आहे.

चार्ल्स क्लॉटफेल्टर व जेकब विग्डोर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन चुरशीच्या विद्यापीठांतील अर्जदारांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली. केवळ सर्वोच्च गुण ग्राह्य धरण्याचे धोरण पुनःपरीक्षेस मोठे प्रोत्साहन देते, आणि ज्यांना परीक्षेचा खर्च वा श्रम अधिक जड जातात, किंवा ज्यांना स्वतःच्या योग्यतेविषयी विश्वास कमी आहे, ते त्यामुळे मागे पडतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शुल्कमाफीस पात्र विद्यार्थ्यांना सॅट दोनदा विनाशुल्क देता येते, हे खरे. पण प्रवास, शिकवणी आणि मार्गदर्शन यांचा भार शुल्कमाफीने हलका होत नाही.

यावर पुनरावृत्तीच बंद करावी, असा उपाय कोणी सुचवील. परंतु जोशुआ गुडमन, ओडेड गुरांट्झ व जोनाथन स्मिथ यांचा २०२० सालचा अभ्यास या उपायाविरुद्ध साक्ष देतो. शंभराच्या पटीच्या किंचित खाली गुण पडलेले विद्यार्थी पुन्हा परीक्षेस बसण्याचे प्रमाण एकाएकी वाढते. या मानवी प्रवृत्तीचा उपयोग करून त्यांनी पुनःपरीक्षेचा परिणाम इतर कारणांपासून वेगळा काढला. सॅट देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मेच विद्यार्थी ती पुन्हा देतात, आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांत हे प्रमाण आणखी कमी असते. पुनःपरीक्षेने गुण वाढतात, चार वर्षांच्या पदवी महाविद्यालयांत प्रवेशही वाढतो, आणि हा लाभ वंचित गटांना विशेष होतो. पुनःपरीक्षेच्या प्रमाणातील विषमता नाहीशी झाल्यास अशा प्रवेशांतील उत्पन्नजन्य अंतर १० टक्क्यांपर्यंत भरून निघू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. ज्याला दुसऱ्या संधीचा सर्वाधिक उपयोग, तोच ती कमी घेतो, असा हा विपर्यास आहे.

गुण धाडावेत की नाही, हेच ऐच्छिक केल्यानेही हा विपर्यास टळत नाही. २०२० च्या महासाथीनंतर अनेक संस्थांनी गुण ऐच्छिक केले. डार्टमथ महाविद्यालयाच्या २०२४ सालच्या अहवालात असे आढळले की, ज्यांचे गुण त्यांच्या शाळेच्या परिस्थितीच्या मानाने उल्लेखनीय ठरले असते, अशा काही अल्पसाधन अर्जदारांनीही ते धाडलेच नाहीत. कोणता गुण हितकारक, हे ओळखण्यासाठीही जाणत्या माणसाचा सल्ला लागतो. त्या वर्षी त्या संस्थेने चाचणी पुन्हा अनिवार्य करण्याचे ठरविले.

भारतातही २०१९ पासून जेईई मुख्य परीक्षा वर्षातून एकाहून अधिक सत्रांत घेतली जाते व गुणानुक्रमासाठी उमेदवाराचा सर्वोत्तम गुण धरला जातो. तेव्हा हा प्रश्न मराठी अभ्यासकांनाही परका नाही. सर्व प्रयत्नांची सरासरी घेतल्यास निवडीचा फुगवटा नाहीसा होतो, परंतु दरम्यान खरोखर शिकलेल्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो. सर्वोच्च गुण धरल्यास प्रगतीला वाव मिळतो, परंतु पुन्हा येण्याची ऐपतही गुणांत मिसळते. या पेचातून मार्ग काढावयाचा तर सर्वोच्च गुणाचा नियम ठेवूनही दुसरा प्रयत्न प्रत्येकाला शाळेतच, शाळेच्या वेळेत व विनाशुल्क उपलब्ध करून द्यावा लागेल. तसे न करता केवळ मुभा ठेवणे म्हणजे प्रयत्नांच्या संख्येतील विषमतेलाच गुणवत्तेचे नाव देणे होय.