हे ऐकलंस का? हेन्डरसन ते रंगभवन : हेवी मेटलच्या श्रोत्यांची गोष्ट

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराच्या पश्चिमेला, वाइटाकेरे डोंगररांगांच्या पायथ्याशी हेन्डरसन नावाचं उपनगर आहे. एकोणिसाव्या शतकात इथे कौरी वृक्षांचं लाकूड कापणारी गिरणी होती. गिरणीचे एक मालक थॉमस हेन्डरसन यांचं नाव वस्तीला मिळालं. पुढे लेबनॉन आणि डाल्मेशियाहून आलेल्या कुटुंबांनी इथे द्राक्षमळे लावले. त्यांतल्या लेबनॉनच्या आसिद अब्राहम कॉर्बन यांनी १९०२ मध्ये घेतलेल्या जमिनीवर आज कलाकेंद्र उभं आहे. लाकूडतोडे, मळेकरी, गॅरेजवाले आणि कारखान्यांत पाळी करणारे अशा कष्टकऱ्यांचा हा भाग. इथल्या माणसाला उरलेलं शहर ‘वेस्टी’ म्हणतं. काळी जीन्स, काळा टी-शर्ट, वाढवलेले केस, मोठ्या इंजिनाची गाडी आणि त्या गाडीतून कानावर आदळणारं हेवी मेटल, हे वेस्टीचं ठरलेलं चित्र. ‘आउटरेजस फॉर्च्युन’ (२००५ ते २०१०) या दूरचित्रवाणी मालिकेने ते देशभर नेलं.

याच हेन्डरसनमध्ये १९९८ साली ‘एट फूट सटीवा’ हा मेटल बँड उभा राहिला. त्यांचा ‘हेट मेड मी’ हा पहिला अल्बम २००२ मध्ये आला आणि त्यानंतर ‘सीझन फॉर असॉल्ट’, ‘पॉयझन ऑफ एजेस’ असे अल्बम येत गेले. त्याच पश्चिम ऑकलंडच्या ‘ब्लाइंडस्पॉट’ या बँडचा पहिला अल्बम २००२ मध्ये देशाच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोचला. एका उपनगरी पट्ट्यातून इतकं कर्कश संगीत इतक्या जोमाने का यावं? हे संगीत वाढतं ते ऐकवणाऱ्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे. एकाने दुसऱ्याला विचारायचं, ‘हे ऐकलंस का?’, आणि कॅसेट हातात द्यायची. मेटलची अर्धी परंपरा या देण्याघेण्यात आहे. उरलेली अर्धी सुरू होते ती ऐकणारा आपल्या भाषेत ओरडू लागतो तेव्हा.

कारखान्यात जन्मलेला आवाज

या संगीताचं मूळ इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये आहे. तिथल्या ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा वादक, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी हीच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली आणि बोटांना ताण कमी पडावा म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूरही खाली आणला. मेटलचा तो जड, खर्जातला आवाज घडण्यात या जायबंदी हाताचा मोठा वाटा आहे. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला आणि तीन वर्षांच्या आत, जानेवारी १९७३ मध्ये, हा बँड न्यूझीलंडच्या न्गारुआवाहिया महोत्सवात वाजवत होता. गायक ऑझी ऑस्बोर्न ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर शेवटचं गायला आणि २२ जुलैला गेला. जगभरच्या चाहत्यांनी त्याला घरातलं माणूस गेल्यासारखा निरोप दिला.

या संगीताला नभोवाणीने सहसा जवळ केलं नाही. ऐंशीच्या दशकात ते टपालाने फिरलं. मेटॅलिका या अमेरिकी बँडची १९८२ ची ‘नो लाइफ टिल लेदर’ ही चाचणी कॅसेट चाहत्यांनी एकमेकांना कॉपी करून पाठवली आणि करार होण्याआधीच बँडचं नाव झालं. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक स्वतः मुळात चाहता. ब्रिटनच्या डायमंड हेड या बँडला ऐकायला तो किशोरवयात अमेरिकेहून इंग्लंडला गेला होता. पुढे त्याच्या बँडने डायमंड हेडची गाणी वाजवली, तेव्हा लाखो लोकांना डायमंड हेड कळला. आवडता बँड दुसऱ्याच्या कानावर घालणं ही मेटलमध्ये आजही कृतज्ञतेची रीत आहे. अंगावरचा बँडचा टी-शर्ट हीसुद्धा शिफारसच असते.

न्यूझीलंडमध्ये या चाहत्यांना ‘बोगन’ असंही म्हणतात. हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाई. डेव्ह स्नेल या चाहत्याने वाइकाटो विद्यापीठात याच लोकांच्या दैनंदिन जीवनावर आणि आपलेपणावर पीएचडी केली. ज्यांना अडाणी म्हणून बाजूला सारलं जातं ते एकमेकांची किती काळजी घेतात आणि गाण्यांभोवती कसा समाज बांधतात, याची विद्यापीठाने दखल घेतली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मराई, शाळा आणि राग

हेन्डरसनपासून थोड्याच अंतरावर होआनी वाइटीटी मराई आहे. मराई म्हणजे माओरी समाजाचं सभास्थान. माओरी मुलांना पूर्वी शाळेत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे आणि दोन-तीन पिढ्यांत भाषा घरातून जवळजवळ निघून गेली. १४ सप्टेंबर १९७२ रोजी तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत गेला, शाळांत माओरी शिकवा म्हणून. १९८२ मध्ये माओरी बालवाड्या सुरू झाल्या. संपूर्ण माओरी माध्यमाची पहिली शाळा १९८५ साली याच होआनी वाइटीटी मराईवर उघडली. १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली.

या चळवळीचं एक फळ मेटलच्या मंचावर आलं. लुईस आणि हेन्री डी याँग हे भाऊ अशाच माओरी माध्यमाच्या शाळेत शिकले. प्रार्थना, समूहगीतं आणि ‘हाका’ हे माओरी समूहनृत्य हे त्यांचे रोजचे पाठ होते. २०१० मध्ये, आठ आणि दहा वर्षांचे असताना, त्यांनी ‘एलियन वेपनरी’ हा बँड काढला. २०१६ मध्ये शालेय बँडांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि २०१८ मध्ये ‘टू’ हा पहिला अल्बम आला. ‘रू आना ते फेनुआ’ हे त्यातलं गाणं २९ एप्रिल १८६४ च्या गेट पा इथल्या लढाईचं आहे. तिथे दोनशेच्या आसपास माओरी योद्ध्यांनी कित्येक पटींनी मोठ्या ब्रिटिश फौजेला मागे रेटलं होतं. या भावांचा एक पूर्वज त्या युद्धात लढला होता. ‘राउपातु’ हे गाणं १८६३ च्या कायद्याने जप्त केलेल्या जमिनींबद्दल आहे.

हे ऐकताना एक गोष्ट स्पष्ट होते. भाषा प्रार्थनेत आणि अभ्यासक्रमात जिवंत राहते हे खरंच, पण तरुण मुलाला त्या भाषेत रागावता आलं की तिचं आयुष्य वाढतं. जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात माओरी शब्द ओरडले जातात, तेव्हा १९७२ च्या अर्जावर सही करणाऱ्यांचं काम पुढे गेलेलं असतं. ब्राझीलच्या सेपुल्तुराने १९९६ च्या ‘रूट्स’ अल्बमसाठी शावांते आदिवासींसोबत ध्वनिमुद्रण केलं होतं. १९९२ मध्ये निघालेल्या सिंगापूरच्या ‘रुद्र’ने संस्कृत मंत्र आणि वेदान्त मेटलमध्ये आणला. एलियन वेपनरीने या वाटेवर आपलं पाऊल टाकलं.

धोबीतलावचं खुलं नाट्यगृह

आता आपल्याकडे वळू. मुंबईत १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ हा बँड निघाला, जो पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. फरहाद वाडिया यांनी १९८६ मध्ये ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू केला. त्याचं घर म्हणजे धोबीतलावचं रंगभवन, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं खुलं नाट्यगृह. ज्या मंचावर नाटकं आणि गाण्याच्या मैफली होत, त्याच मंचावर डोंबिवली, ठाणे, वांद्रे, पुणे इथून आलेली पोरं मान हलवत उभी राहिली. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादेतून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक काढलं आणि बातम्या मिळायचं एक ठिकाण झालं. कॅसेट घ्यायची तर काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. रुग्णालयं आणि कॉलेजं जवळ असल्याने रंगभवनचा परिसर शांतता क्षेत्रात आला आणि तिथले कार्यक्रमही थांबले.

पण ऐकवणारे थांबले नाहीत. २००० मध्ये साहिल मखिजाने मुंबईत ‘डेमोनिक रेझरेक्शन’ काढला. पुढे ‘भयानक मौत’, ‘स्क्राइब’, ‘झिग्नेमा’, ‘गटस्लिट’ असे बँड आले. १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन हा ब्रिटिश बँड बंगळुरूला आला, तेव्हा मुंबई-पुण्याहून गाड्या भरभरून लोक गेले. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००८ रोजी, त्या बँडने आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून केली. बँडचं विमान त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः उडवत होता. डेमोनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये ‘दशावतार’ अल्बम केला. मत्स्य, कूर्म, वराह अशी एकेका अवताराची गाणी त्यात आहेत, आणि शब्द मुख्यतः इंग्रजीत आहेत. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ने ढोल, हिंदी आणि पंजाबी घेऊन २०१९ मध्ये वाकेन गाठलं. २०२२ चा त्यांचा ‘रक्षक’ देशाबाहेरही भरपूर ऐकला गेला.

मराठी कानाला हा आवाज परका वाटायचं कारण नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकासमोर उभं राहिलं की छातीच्या पिंजऱ्यात जो धक्का बसतो, तोच मेटलच्या जोड-ड्रममध्ये बसतो. दोन्हीकडे शेकडो माणसं एका ठेक्यात एकच शरीर होतात.

कोणते माहितीपट पाहावेत

कॅसेटच्या जागी आज माहितीपट आले आहेत. नव्या माणसाला या जगात आणायचं तर चाहते आधी एखादा माहितीपट हाती देतात. माझी यादी अशी.

सुरुवात ‘मेटल : अ हेडबँगर्स जर्नी’ (२००५) ने करावी. मानववंशशास्त्र शिकलेला कॅनडाचा सॅम डन हा त्याचा एक दिग्दर्शक. तो मेटलच्या उपप्रकारांची वंशावळ मांडतो, आणि या संगीताला सैतानी ठरवणाऱ्यांना अभ्यासाने उत्तर देतो. त्याचाच ‘ग्लोबल मेटल’ (२००८) मराठी प्रेक्षकाने आवर्जून पाहावा. ब्राझील, जपान, चीन, इंडोनेशिया, इस्राएल यांच्याबरोबर त्यात मुंबईही आहे आणि साहिल मखिजाही बोलतो. ‘फ्लाइट ६६६’ (२००९) मध्ये आयर्न मेडनचा तोच मुंबईतून निघालेला दौरा आहे.

‘ॲन्व्हिल! द स्टोरी ऑफ ॲन्व्हिल’ (२००८) मध्ये पन्नाशीतले दोन मित्र आहेत. ज्यांच्याबरोबर मंचावर उभे राहिले ते श्रीमंत झाले, हे मात्र कॅनडात पोटासाठी साधी कामं करत बँड चालवतात. मैत्रीवर याहून सच्चा चित्रपट मी क्वचितच पाहिला आहे. ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ (२००४) मध्ये मेटॅलिकाचे सदस्य मानसतज्ज्ञासमोर बसून भांडणं सोडवतात. पुरुषांनी मनातलं बोलावं कसं, याचा तो धडा आहे. ‘हेवी मेटल इन बगदाद’ (२००७) मधला ‘अक्रासिकौडा’ हा बँड युद्धात घर, सरावाची जागा आणि शेवटी देश गमावतो, तरी वाजवणं सोडत नाही.

न्यूझीलंडचे दोन आहेत. ‘शिहाद : ब्युटिफुल मशीन’ (२०१२) वेलिंग्टनच्या शिहाद बँडचा आहे. नाव ‘जिहाद’सारखं वाटतं, म्हणून ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेत चालावं यासाठी त्यांनी ‘पॅसिफायर’ हे नाव घेतलं आणि २००४ मध्ये पुन्हा मूळ नावाकडे आले. स्वतःचं नाव टाकण्याची किंमत त्यात दिसते. दुसरा ‘कुआ तुपु ते आरा’ (२०२४), एलियन वेपनरीचा. आधी शिहाद, मग हा, असे लागोपाठ पाहिले तर एका पिढीत काय बदललं ते कळतं. ब्लडीवूडचा ‘राज अगेन्स्ट द मशीन’ (२०२०) शेवटी पाहावा. तो त्यांच्या २०१९ च्या युरोप दौऱ्याचा आहे आणि आपल्याला सगळ्यांत जवळचा आहे.

आता आपलं काम

न्यूझीलंडच्या २०२३ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे सुमारे २ लाख ९२ हजार लोक नोंदले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य ऑकलंडमध्ये राहतात. त्यांत मराठी घरं आहेत, मराठी वर्ग आहेत, गणेशोत्सव आहेत. त्या घरांतल्या मुलांच्या खोलीतून जोड-ड्रमचा धडधडाट येतो, तेव्हा आईबाबांना काळजी वाटते. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोरही पालकांची हीच काळजी मांडली गेली होती. त्या आईबाबांना माझं सांगणं आहे, दार ठोठावा आणि ‘मलाही ऐकव’ म्हणा. एक माहितीपट मुलाबरोबर बसून पाहा. मराठी वर्गात शुभंकरोती आणि मुळाक्षरांबरोबर मुलांना मराठीत भांडायलाही शिकवा, अन्याय झाला तर त्याला नाव द्यायला शिकवा. तुकारामांची भाषा त्या कामाला पुरेशी धारदार आहे.

रंगभवनच्या पिढीलाही एक विनंती आहे. तुमच्यातले बरेच जण आज पन्नाशी-साठीत आहेत. तुमच्याकडे तिकिटं आहेत, फोटो आहेत, कॉपी केलेल्या कॅसेट आहेत आणि कोणी कोणाला काय ऐकवलं याच्या आठवणी आहेत. त्या मराठीत लिहा, मुलांना सांगा, कोणी कॅमेरा घेऊन आलं तर त्याच्यासमोर बसा. आणि गिटार हातात घेतलेल्या मराठी मुलामुलींनो, पुढचं गाणं मराठीत लिहा. ऐकणारे आम्ही आहोत.